आमची वाटचाल : आंब्याच्या पेटीपासून फराळाच्या डब्यापर्यंत

2005 च्या दिवाळीत लंडनजवळच्या स्लाव गावातील आमच्या भाड्याच्या घरात मी चिवडा, चकली आणि बेसनाच्या लाडवांचे 40 डबे भरले आणि ओळखीच्या मराठी कुटुंबांना विकले. ही आमच्या व्यवसायाची सुरुवात होती. आम्ही मूळचे चिपळूणचे. यजमान संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी इकडे आले आणि मी त्यांच्यामागून आले. पुढच्या वर्षी कौन्सिलकडे खाद्यव्यवसाय म्हणून रीतसर नोंदणी केली आणि 2009 मध्ये घरातील शेगडी सोडून एका औद्योगिक वसाहतीतील लहानसे स्वयंपाकघर भाड्याने घेतले. 2025 च्या या दिवाळीत व्यवसायाला 20 वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्ताने हे टिपण लिहायला बसले, तेव्हा लक्षात आले की आमच्या जमाखर्चाच्या वह्यांचे सरळ दोन भाग पडतात : 1 जानेवारी 2021 च्या आधीचा आणि नंतरचा. त्या दिवसापासून ब्रिटन युरोपीय संघाच्या बाजारपेठेबाहेर गेला. म्हणून या वाटचालीत मी मुख्यतः त्याच घटनेविषयी लिहिणार आहे.

संघात असणे म्हणजे काय, हे आम्हाला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकातून कळले नव्हते. ते पार्सलांमधून कळले. 2011 च्या सुमारास डब्लिनमध्ये नोकरीला असलेल्या पुण्याच्या एका मुलीने फराळ मागवला, तिने मैत्रिणींना सांगितले आणि दोन-तीन वर्षांत आइंडहोवेन, ॲमस्टरडॅम, म्युनिक अशा गावांहून मागण्या येऊ लागल्या. स्लावहून बर्मिंगहॅमला डबा पाठवणे आणि आइंडहोवेनला पाठवणे यांत आमच्या दृष्टीने फरक होता तो फक्त टपालखर्चाचा. भारतातून आलेल्या मसाल्यांचे, लोणच्यांचे आणि पापडांचे आयातशुल्क फेलिक्सस्टोच्या बंदरात एकदा भरले की तो माल 28 देशांत कुठेही जाऊ शकत असे. 2019 च्या दिवाळीत आमच्या विक्रीचा जवळजवळ तिसरा हिस्सा ब्रिटनबाहेरचा होता, आणि तो मिळवण्यासाठी आम्ही एकही वेगळा कागद भरलेला नव्हता.

तरीही 23 जून 2016 च्या सार्वमतात मी युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने फुली मारली. त्याचे कारण आंबा होता. 2013 मध्ये भारतातून युरोपात गेलेल्या फळे-भाज्यांच्या 207 खेपांमध्ये फळमाशीसारखी कीड सापडली, आणि 1 मे 2014 पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्यासह कारले, पडवळ, वांगे आणि अळू यांच्या आयातीवर बंदी घातली. आमच्या वर्षभराच्या कमाईत हापूसच्या सहा आठवड्यांचा वाटा मोठा होता. रत्नागिरी आणि देवगडच्या बागायतदारांना आम्ही आगाऊ रक्कम दिलेली होती, हीथ्रोवर उतरणाऱ्या पेट्यांसाठी गाडी ठरवलेली होती, आणि ग्राहकांची यादी तयार होती. युरोपात येणाऱ्या भारतीय आंब्याचा सर्वांत मोठा ग्राहक ब्रिटन असताना त्यावर निर्णय मात्र ब्रसेल्समध्ये बहुमताने व्हावा, हे मला अन्यायाचे वाटले. लेस्टरपासून वेम्बलीपर्यंतच्या व्यापाऱ्यांनी निवेदने दिली, संसदेत प्रश्न विचारले गेले, पण लंडनला तो निर्णय एकट्याने फिरवता येत नव्हता. उष्ण प्रक्रियेची आणि तपासणीची व्यवस्था भारताने सुधारल्यावर जानेवारी 2015 मध्ये आंब्यावरील बंदी उठवण्याचे ठरले; परंतु 2014 चा हंगाम गेला तो गेलाच, आणि तो राग माझ्या मनात दोन वर्षे टिकून राहिला.

माझी माहिती अपुरी होती, हे मला फार नंतर कळले. ब्रिटनच्या कृषी खात्यानेच त्या बंदीला पाठिंबा दिला होता, कारण ही कीड पसरली तर इथल्या काचगृहांतील टोमॅटो आणि काकडीच्या पिकाला धोका होता. म्हणजे ब्रिटन त्या वेळी संघाबाहेर असता, तरी आमच्या पेट्या कदाचित अडल्याच असत्या. निर्णय दूर कुठेतरी होतो तेव्हा त्याचे कारण विचारायला आपण जात नाही आणि दोष मात्र त्या दूरच्या ठिकाणाला देऊन मोकळे होतो, हे त्या प्रसंगातून मी शिकले.

मतदानाच्या हक्काची गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. राष्ट्रकुल देशाची नागरिक असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर मला मत देता आले. आमच्या स्वयंपाकघरात तेव्हा काही वर्षे काम करत असलेल्या पोलिश सहकारी बाईंना ते देता आले नाही, कारण संघातील इतर देशांच्या नागरिकांना, आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस वगळता, या सार्वमतात स्थान नव्हते. 24 जूनला सकाळी सहा वाजता त्या नेहमीप्रमाणे आल्या, ॲप्रन बांधला, कढई गॅसवर ठेवली आणि तेल तापेपर्यंत माझ्याकडे न बघता विचारले, "आता मला जावे लागेल का?" 51.9 विरुद्ध 48.1 टक्के असा निकाल लागला होता, आमच्या स्लावमध्येही बहुमत बाहेर पडण्याच्याच बाजूने होते, आणि त्यात माझे एक मत होते. मी त्यांना त्या दिवशी ते सांगितले नाही, पुढे सांगितले. पुढच्या काळात आधीपासून राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी वास्तव्याची वेगळी योजना आली, त्यात त्यांचा अर्ज मंजूर झाला आणि त्या आजही आमच्याकडे आहेत. पण त्यांच्या जागी उद्या दुसऱ्या कोणी पोलंडहून तितक्या सहजपणे येऊ शकणार नाहीत.

पहिला फटका मात्र कायद्याचा नव्हता, चलनाचा होता. मतदान संपले तेव्हा 1.50 डॉलरच्या आसपास असलेला पौंड सकाळपर्यंत 1.35 डॉलरच्याही खाली आला होता. सांगलीची हळद, बेदाणे, कोल्हापूरचा गूळ, या सर्वांचे पैसे आम्ही डॉलरमध्ये देत होतो, त्यामुळे समुद्रात असलेला एक कंटेनर बंदरात पोहोचेपर्यंत आमच्यासाठी बराच महाग झाला. डब्याची किंमत आम्ही त्या दिवाळीत वाढवली नाही. फरक नफ्यातून सोसला.

त्यानंतरची साडेचार वर्षे अनिश्चिततेची होती. 31 जानेवारी 2020 ला ब्रिटन औपचारिकरीत्या बाहेर पडला, वर्षाअखेरपर्यंत जुनेच नियम चालू ठेवणारा संक्रमणकाळ होता, आणि 24 डिसेंबर 2020 ला व्यापारकरार झाल्याची बातमी आली. शुल्क शून्य, कोटा नाही, असे मथळे वाचून मला हायसे वाटले. जानेवारीत आमच्या मालाचे सीमाशुल्काचे कागद करणाऱ्या क्लिअरिंग एजंटने समजावले तेव्हा खरा अर्थ कळला. शून्य शुल्क होते ते ब्रिटनमध्ये तयार झालेल्या मालाला. कोल्हापूरहून आलेला मसाला स्लावमध्ये नुसता लहान पाकिटात भरला म्हणून तो ब्रिटिश होत नाही. ब्रिटनमध्ये येताना त्याने एकदा शुल्क भरलेले असले, तरी डब्लिनला जाताना त्याला युरोपीय संघाचे शुल्क पुन्हा लागू होणार होते. मूल्यवर्धित कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क वेगळे, आणि ते बहुधा डबा दाराशी आल्यावर ग्राहकाकडून घेतले जाई. तीस पौंडांच्या फराळासाठी कोणी किती वेळा ते भरील?

2021 च्या दिवाळीत आम्ही नेदरलँड्सला 60 डबे पाठवले. दूध किंवा दुधाचे पदार्थ असलेल्या खाद्यवस्तूंसाठी आता पशुवैद्यकाच्या सहीचे आरोग्य प्रमाणपत्र लागत होते. आमच्या पाठवणी-सल्लागाराने लहान पार्सलांना ते लागणार नाही असे सांगितले होते, आणि आम्ही ते पडताळून पाहिले नाही. 17 डबे तुळशीचे लग्न झाल्यानंतर परत आले. खोकी उघडून वेगळ्याच फिकट टेपने पुन्हा बंद केलेली होती, एका खोक्यातील पणती फुटून तिची लाल माती चिवड्यात मिसळली होती, आणि पेढ्यांवर हिरवट बुरशी चढली होती. त्या 17 घरी मी स्वतः फोन केले आणि सर्वांचे पैसे परत केले.

त्यानंतर आम्ही रचना बदलली. युरोपसाठीचा कोरडा माल आता न्हावा-शेव्याहून थेट रॉटरडॅमला जातो आणि तेथील वितरक तो पुढे पाठवतो. तेलात तळलेले जिन्नस चिपळूणजवळच्या एका महिला बचत गटाकडून तयार होतात. त्यांना वर्षभर काम मिळाले याचे मला समाधान आहे. परंतु तेच काम पूर्वी स्लावमध्ये होत होते, आणि 2022 मध्ये आम्हाला इथल्या दोन जणींना कामावरून कमी करावे लागले. ब्रिटनमधील रोजगार ब्रिटनमध्ये राहावा म्हणून ज्यांनी मत दिले, त्यांच्यापर्यंत ही गोष्ट पोहोचावी असे मला मनापासून वाटते. ब्रिटनच्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या स्वतंत्र संस्थेचा अंदाज असा आहे की संघात राहिले असते त्या तुलनेत देशाची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्के कमी राहील. आमच्या वसाहतीतील बंद पडलेले गाळे पाहताना त्या आकड्याचा एक छोटासा भाग डोळ्यांसमोर दिसतो, जरी त्यात महामारीचाही वाटा आहे.

बाहेर पडण्यातून काहीच मिळाले नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. युरोपीय संघ आणि भारत यांच्यातील व्यापारकराराची बोलणी 2007 मध्ये सुरू झाली, 2013 मध्ये थांबली आणि 2022 मध्ये पुन्हा सुरू झाली. 27 देशांचे हितसंबंध जुळवायचे म्हटले की वेळ लागतोच. ब्रिटनने भारताशी जानेवारी 2022 मध्ये बोलणी सुरू केली आणि 24 जुलै 2025 ला करारावर सह्या झाल्या. त्यानुसार भारताच्या 99 टक्के वस्तुप्रकारांना ब्रिटनमध्ये शुल्कमुक्त प्रवेश मिळायचा आहे. 2025 च्या दिवाळीपर्यंत करार अमलात आलेला नव्हता, पण तो अमलात आला की लोणची, मसाले आणि आंब्याचा रस यांच्या आमच्या खर्चात खरा फरक पडेल. संघात राहून ब्रिटनला असा करार स्वतंत्रपणे करता आला नसता, हे मान्य करायला हवे. शिवाय 2021 मध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्याची मुभा देणारा व्हिसा आल्यावर मराठी विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली आणि आमच्या ब्रिटनमधील विक्रीला त्यांनी मोठा आधार दिला. मात्र आमच्यासारख्या लहान व्यवसायाचा तोटा 1 जानेवारीच्या सकाळी हजर झाला आणि लाभाच्या सह्या व्हायला साडेचार वर्षे लागली. मधल्या काळात तग धरता आला तो यजमानांच्या पगारामुळे. ज्यांच्या घरात दुसरा पगार नव्हता, अशी आमच्या ओळखीतील दोन दुकाने युरोपची विक्री बंद करून बसली.

मे 2025 मध्ये लंडनच्या लँकेस्टर हाउसमध्ये झालेल्या बैठकीत ब्रिटन आणि युरोपीय संघाने अन्नपदार्थ व वनस्पती यांच्या तपासण्या कमी करणाऱ्या कराराच्या दिशेने जाण्याचे ठरवले आहे. तो झाला, तर इथल्याच लोण्यापासून आम्ही कढवलेल्या तुपाचे लाडू पुन्हा आइंडहोवेनला जाऊ शकतील. त्या 17 घरांपैकी 11 घरांनी गेल्या चार वर्षांत कधी ना कधी लाडवांविषयी विचारले आहे. त्यांची नावे आणि पत्ते मी ऑर्डरच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले आहेत, आणि या दिवाळीच्या वहीतही ते पान उतरवून घेतले आहे.