इरॅस्मसचं घर, जे त्याचं नव्हतंच

इरॅस्मस म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना आधी स्कॉलरशिप आठवते. माझी भाची त्यावरच बेल्जियमला मास्टर्सला आली आणि तिच्यामुळे माझंही ब्रसेल्स घडलं. पण हा इरॅस्मस नक्की कोण गं, असं विचारलं तर म्हणते, "मामा, फॉर्ममध्ये ते विचारत नाहीत." तर तो पाचशे वर्षांपूर्वीचा मोठा डच विद्वान आणि लेखक. मग रविवारी तिलाच घेऊन त्याचं घर बघायला अँडरलेख्तला, म्हणजे ब्रसेल्सच्याच एका भागात, निघालो.

मेट्रोची ५ नंबरची लाइन पकडायची. गाडीवर पाटीच 'इरॅस्म' असते, कारण शेवटच्या स्टेशनला त्याचं नाव दिलंय, पण तिथे आहे मोठं हॉस्पिटल. घरासाठी अलीकडे सां-गिदोंला उतरायचं. बाहेर आलं की समोर जुनं चर्च, आणि त्याच्या मागच्या गल्लीत विटांची भिंत, भिंतीत दार. पाटी नसती तर सरळ पुढे गेलो असतो.

आता खरी गोष्ट. हे घर इरॅस्मसचं नव्हतंच! १५२१च्या मे ते ऑक्टोबर असे जेमतेम पाच महिने तो इथे पाहुणा म्हणून राहिला, घर होतं चर्चच्या एका कॅननचं, म्हणजे तिथल्या धर्माधिकाऱ्याचं, पीटर विखमन्स नाव. आणि तेवढ्यावर १९३२ साली म्युझियम उभं केलंय. पण ते पाच महिने कुठले ते बघा ना. त्याच वर्षी लुथरला, म्हणजे चर्चविरुद्ध उभ्या राहिलेल्या जर्मन धर्मसुधारकाला, पोपने बहिष्कृत केलं, जर्मनीतल्या वर्म्सच्या सभेत त्याच्यावर बंदी आली, आणि लुव्हेनच्या युनिव्हर्सिटीतले धर्मपंडित इरॅस्मसच्या मागे हात धुऊन लागलेले की हा लुथरचाच माणूस. उलट लुथरवाले म्हणणार हा भित्रा, उघड बाजू घेत नाही. तब्येत मुळातच नाजूक, माशाचा तर वासही सहन व्हायचा नाही (आम्हा मालवणी लोकांकडे दोन दिवस टिकला नसता), म्हणून मग शहराबाहेर, तेव्हा अँडरलेख्त हे साधं खेडं होतं, मोकळ्या हवेत येऊन राहिला. इथून जो स्वित्झर्लंडमधल्या बाझलला गेला तो परत नेदरलंड्सकडे (तेव्हा आजचं बेल्जियमही त्यातच धरायचे) आलाच नाही, १५३६ साली तिथेच वारला.

आत खोल्या अंधाऱ्या, जमीन करकरते, एका दालनात हिरोनिमस बॉश या जुन्या चित्रकाराचं म्हणून ओळखलं जाणारं, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांचं चित्र आहे आणि जो येतो तो त्याच्यासमोरच फोटो काढत उभा. मी पण काढला, खोटं कशाला बोलू. त्याच्या अभ्यासाच्या खोलीत टेबल वगैरे मांडून ठेवलंय, भिंतींवर त्याची पोर्ट्रेट्स. छान आहे, पण सजवलेलं आहे हे कळतं.

जीव अडकला तो पुस्तकांत. इथे त्याच्या ग्रंथांच्या जुन्या आवृत्त्या आहेत आणि त्यात काही चर्चच्या सेन्सॉरने 'दुरुस्त' केलेल्या. ओळीच्या ओळी शाईने खोडलेल्या! १५५९च्या निषिद्ध ग्रंथांच्या यादीत त्याचं सगळंच लिखाण टाकलं होतं, म्हणजे मेल्यावर वीसेक वर्षांनी. आणि ज्याने खोडलं त्याला आधी ती ओळ नीट वाचावी लागली असणार ना? मला तर त्या खोडणाऱ्या माणसाबद्दलच जास्त कुतूहल वाटायला लागलं. भाची म्हणाली "मामा चल ना", तरी मी तिथेच.

म्हणजे गुन्हा काय होता याचा? मोठा गुन्हा म्हणजे १५१६ साली त्याने बायबलच्या नव्या कराराचा ग्रीक मजकूर छापला, सोबत स्वतःचं लॅटिन भाषांतर, आणि चर्चच्या लॅटिन प्रतीत चुका आहेत हे दाखवून दिलं. यात पण किस्सा आहे. नव्या करारातल्या शेवटच्या पुस्तकाचं, प्रकटीकरणाचं, ग्रीक हस्तलिखित त्याला एकच मिळालं आणि त्याचं शेवटचं पान गायब, तर पठ्ठ्याने त्या ओळी लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये लिहून टाकल्या आणि काम पुढे रेटलं. एवढा मोठा विद्वान आणि जुगाड आपल्यासारखाच. पुढे लुथरने जर्मन भाषांतर केलं ते याच ग्रीक मजकुराच्या १५१९च्या दुसऱ्या आवृत्तीवरून, त्यामुळे लुव्हेनवाल्यांचा संशय अगदीच हवेत नव्हता म्हणा.

मागे दोन बागा आहेत. एक औषधी वनस्पतींची, त्या काळचे वैद्य वापरायचे तसल्या झाडांची, आणि दुसऱ्या बागेत पानाच्या आकाराची छोटी तळी, त्यांच्या काठावर त्याने जमवलेली लॅटिन वचनं कोरलेली. १५०० साली पॅरिसमध्ये आठशेच्या आसपास वचनांचं छोटं पुस्तक काढलं होतं, ते आयुष्यभर वाढवत वाढवत चार हजारांच्या वर नेलं. आम्ही तिथे बाकावर बसून घरून आणलेले ठेपले खाल्ले, कोणी हटकलं नाही.

तिथेच शेजारी जुनं बेगीनाज पण आहे, म्हणजे धर्माला वाहून घेतलेल्या बायका एकत्र राहायच्या ती वस्ती, १२५२ सालची, पण आमच्या वेळी दुरुस्तीमुळे बंद. चर्चच्या तळघरातली क्रिप्ट मात्र चुकवू नका, घरापेक्षा चारेकशे वर्षं जुनी आहे. सोमवारी म्युझियम बंद असतं. आणि जायच्या आधी अँडरलेख्तच्या फुटबॉल क्लबची मॅच नाही ना एवढं बघून घ्या, स्टेडियम त्याच स्टेशनजवळ आहे, आम्ही परतताना जांभळ्या स्कार्फवाल्यांची अशी काही झुंबड होती की दोन गाड्या सोडाव्या लागल्या.