कासला गेलात तर गुडघे टेका

कासला मी आधी दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा फसलो होतो. चूक कासची नव्हती, माझीच. मोबाइलवर पाहिलेला फुलांचा जांभळा-पिवळा गालिचा शोधत उभ्या उभ्या फिरलो, चार फोटो काढले आणि गर्दीला शिव्या घालत साताऱ्याला परतलो. यंदा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुद्दाम मंगळवारी गेलो. सोबत दहा पट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग आणि बसायला खताचं रिकामं पोतं. त्या पोत्यानेच सहल वसूल झाली.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पठार साधारण २५ किलोमीटरवर आहे, उंची १२०० मीटरच्या आसपास. सकाळी सातला निघालो तेव्हा घाटात धुकं इतकं होतं की पुढच्या टेम्पोचे दिवेच काय ते दिसत होते. प्रवेशाचं बुकिंग ऑनलाइन करता येतं. शुल्क आणि वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी पाहून घ्या. शनिवार-रविवार सोडून कुठलाही वार धरा, आणि सकाळचाच. फाटकावर आसपासच्या गावांतले वाटाडे मिळतात. ते घ्याच. आम्हाला मिळालेल्या ताई पहिल्याच डबक्यापाशी थांबून म्हणाल्या, "दादा, पाय जरा मागं घ्या. खाली खाटीक बसलाय."

खाली बघतो तर रुपयाच्या नाण्याएवढं लालसर चक्र, जांभा दगडाला चिकटून बसलेलं. दवबिंदू, म्हणजे ड्रॉसेरा, किडे पकडून खाणारी वनस्पती. पोतं अंथरून भिंग लावलं. पानाच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकाचा चकचकीत थेंब होता आणि एका पानावर चिलटाएवढी माशी अजून एक पाय हलवत होती. पानाच्या कडेचे लांब केस तिच्या अंगावर वाकलेले. मी किती वेळ बघत होतो कोण जाणे, उठलो तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. जवळच याचा उंच भाऊ, गवती दवबिंदू. तो गवतात काडीसारखा उभा असतो, त्यामुळे कुणाचं लक्षच जात नाही.

यांना मांस का लागतं, हे पठाराचा दगड पाहिला की कळतं. जांभ्याचा सपाट सडा, म्हणजे उघडा कातळ, त्यावर काही ठिकाणी जेमतेम बोटभर माती. चार महिने पाऊस तिला धुऊन काढतो आणि पाणी मुरायला जागा नसल्याने ती भिजलेलीच राहते. नत्र टिकत नाही. मग जमिनीतून जे मिळत नाही ते किड्यांतून घ्यायचं. ज्या निळ्या-जांभळ्या पट्ट्याचे सगळे फोटो काढतात, ती सीतेची आसवं हाच धंदा करतात, फक्त लपून. वर नाजूक फूल, खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहून बारीक पिशव्या. पिशवीतलं पाणी बाहेर टाकून झाड आत ओढ तयार ठेवतं. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसांना लागला की दार आत उघडतं आणि तो पाण्यासकट ओढला जातो, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात. आता "सीतेची आसवं" म्हणताना मला जरा चाचरायला होतं.

आसवांच्या मधूनमधून गेंदाची पांढरी बटणं होती. पिवळी सोनकी आणि मिकी माऊस म्हणून मिरवणारा कवला कोरड्या बाजूला. तेरडाही होता, पण त्याच्याबद्दल सगळेच लिहितात.

माझी खरी हौस वायतुऱ्याची होती. फुलांचा तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला, म्हणून हे नाव. शास्त्रीय नावात तर सातारा आहेच: ॲपोनोजेटॉन साताराएन्सिस. हा डबक्यात उगवतो, उन्हाळा जमिनीतल्या कंदावर काढतो. "आता त्याचं संपलं की दादा, जुलैत या," ताई म्हणाल्या. एका डबक्यात नुसती पानं तेवढी दाखवली. म्हणजे ज्यांना पाणवनस्पती बघायच्या आहेत त्यांनी पावसाळ्याचा पहिला भाग धरावा. भिजायची तयारी हवी. आसवं आणि गेंद हवे असतील तर सप्टेंबर. ऑक्टोबर सरता सरता सडा वाळू लागतो.

राजमार्ग म्हणतात त्या वाटेने चालत कुमुदिनी तळ्याकडे गेलो. इथे वेळेचं गणित आहे. कुमुदिनीची फुलं सकाळी उमलतात, दुपारनंतर मिटू लागतात, त्यामुळे आधी इथे येऊन मग डबकी बघा. आम्ही उलटं केलं. तरी काठाजवळची दहा-बारा फुलं अजून उघडी होती. पाकळ्यांवर पांढरी लव, जणू कुणी फुलाला लोकरीची झालर शिवली आहे. नाव कुमुदिनी असलं तरी हे खरं कमळ नाही, पान मात्र कमळाच्या धर्तीचं गोल. जवळून दिसावं म्हणून वाकलो आणि शेवाळलेल्या जांभ्यावरून सरळ पाण्यात. गुडघ्यापर्यंतच, पण आवाज मोठा झाला.

तेव्हा बूट पकड असलेले घ्या, नुसत्या चपला नकोत. छत्री पाच मिनिटांत उलटी होते, रेनकोटच बरा. पायवाट सोडू नका. भिजलेल्या मातीवरचं एक पाऊल म्हणजे वीस-पंचवीस दवबिंदू गेले समजा, आणि ते दिसतही नाहीत. वाटेच्या कडेलाच बसलात तरी हातभर अंतरात बघण्यासारखं पुष्कळ असतं. उपटून घरी न्यायचा मोह आवरा. कुंडीतल्या खतमातीत ते जगत नाहीत, त्यांना ही उपाशी मातीच मानवते. डबा साताऱ्यातूनच घ्या, कंदी पेढे परतताना. नेटवर्कची खात्री नाही, बुकिंगचा फोटो काढून ठेवा.

आणि मोजे तीन जोड घ्या. माझा दुसरा जोड यवतेश्वरलाच संपला.