किरणची डागडुजी: या पावसाळ्याअखेर कुठवर आलो

कॉकपिट जमलं, पंखाचं मूळ अर्धवट आहे आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) हातची गेल्यातच जमा. पावसाळा सरताना आमच्या किरणची ही स्थिती आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या एका महाविद्यालयाच्या आवारात उभं असलेलं एचजेटी-16 किरण मार्क वन हे हवाई दलाचं जुनं जेट प्रशिक्षण विमान आम्ही काही हौशी मंडळी सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करतोय. इंजिन आधीच काढलेलं आहे. इजेक्शन सीटमधली (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीतली) काडतुसं काढून घेतल्याचे कागद हातात पडेपर्यंत आम्ही कॉकपिटमध्ये पाय ठेवला नव्हता. कुणी असं काम हाती घेणार असेल तर हा नियम काटेकोर पाळा. उडवण्याचा प्रश्नच नाही. विमान सुरक्षित उभं राहावं आणि बघणाऱ्याला ते किरण म्हणून ओळखू यावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

किरणवर माझा जीव आहे तो घाटग्यांमुळे. विमानांचे अभियंते डॉ. विष्णू माधव घाटगे जर्मनीत गटिंगेनला वायुगतिशास्त्रज्ञ प्रांटल यांच्या हाताखाली शिकले आणि परत येऊन बंगळुरूच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी आधी एचटी-2 हे पंख्याचं प्रशिक्षण विमान आणि मग किरण उभं केलं. 4 सप्टेंबर 1964 ला किरण पहिल्यांदा उडालं. शिक्षक आणि शिकाऊ शेजारी-शेजारी बसतात असं हे विमान, आणि हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी जेट चालवायचे पहिले धडे त्यातच गिरवले. 1996 मध्ये हवाई दलाचं कसरती करणारं सूर्यकिरण पथक सुरू झालं तेही किरणच्याच मार्क टू विमानांवर. मराठी माणसाच्या हाताखाली घडलेलं विमान मराठवाड्यात कबुतरांच्या हवाली पडून राहावं, हे मला बघवत नाही.

आता कामाचं. आमच्यात एक काका आहेत, परभणीकडचे, हवाई दलातून एअरफ्रेम फिटर (विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे) म्हणून निवृत्त झालेले. आम्ही सगळे रंगाच्या छटांवर वाद घालत होतो तेव्हा ते म्हणाले, "रंगाचं मागून बघू बाबांनो. आधी पाणी कुठं थांबायलंय ते बघा." या एका वाक्यावर आमचं पुढचं सगळं काम उभं आहे.

विमानाच्या पोटाला आणि पंखांच्या खालच्या अंगाला पाण्याचा निचरा होण्यासाठी बारीक भोकं ठेवलेली असतात. आमच्या किरणची ती जवळपास सगळी बुजलेली होती, आणि बुजली होती रंगानं. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी जवळ आली की कुणीतरी मायेनं ऑइल पेंटचा एक हात मारायचं. थरावर थर चढले आणि आत शिरलेलं पाणी आतच राहिलं. त्यात कबुतरांची घाण आणि धूळ मिसळून तळाशी जो गाळ बसतो तो दिवाळीपर्यंत वाळत नाही. भोकं मोकळी करायला आम्ही बांबूच्या काड्या वापरल्या. खिळा किंवा ड्रिल घातलं की कडा सोलतात आणि तिथूनच नवा गंज सुरू होतो. शेपटाजवळचं एक भोक सुटलं तेव्हा बादलीत काळपट पाण्याची धार लागली, आणि पाठोपाठ पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज. लोखंडासारखा तो तांबडा दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं नुसती धूळ आहे.

सगळ्यात वाईट अवस्था डाव्या पंखाच्या मुळाशी आहे. दिवसा तिथं काहीच दिसत नव्हतं. अंधार पडल्यावर टॉर्च पत्र्याला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला तेव्हा रिव्हेटांच्या (पत्रे जोडणाऱ्या खिळ्यांच्या) दोन ओळींमधला पत्रा फुगलेला दिसला. विमानाच्या पत्र्यात ताकदीसाठी तांबं मिसळलेलं असतं, पण त्याच तांब्यामुळे तो ओलीला हळवा होतो. म्हणून वर शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर दिलेला असतो. रंग धरावा म्हणून पूर्वी कुणीतरी सँडपेपरनं हा थरच घासून काढलाय. भरीला पोलादी बोल्ट. पोलाद, ॲल्युमिनियम आणि मध्ये ओल, असं त्रिकूट जमलं की झिजतं ते ॲल्युमिनियम. फुगलेल्या जागेचा रंग उतरवला तर खाली खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटलेले. बोटाच्या नखानं एक थर निघाला, त्याखाली दुसरा.

सडलेला भाग काढला. कडा नायलॉनच्या पॅडनं साफ केल्या (लोखंडी वायर ब्रश अजिबात नको, लोखंडाचे कण पत्र्यात रुतून बसतात आणि पुढे तिथंच गंज धरतो). मग प्रश्न आला, फक्त ठिगळ लावायचं की अख्खं पॅनल नवं करायचं? यावर आमच्यात बरेच दिवस मतभेद होते, अजूनही आहेत. एक मित्र म्हणतो, नवं पॅनल घातलं तर किरणमधलं किरण कमी होतं. मला तसं वाटत नाही. लंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातलं एक डीएच-9ए बॉम्बर आहे, एफ-1010. ते 110 स्क्वाड्रनचं. या स्क्वाड्रनची विमानं 1918 मध्ये हैदराबादच्या निजामाच्या पैशातून आली आणि त्यांच्यावर त्याचं नावही लिहिलेलं होतं. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता, त्यामुळे त्या विमानाकडे मी जरा आपलेपणानं बघतो. जर्मनांनी ते पकडलं, बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं, तिथून ते पोलंडला गेलं आणि अखेर इंग्लंडला परतलं. परतला तो सांगाडा. पंख नव्यानं बनवावे लागले. ते विमान खोटं आहे असं कोण म्हणेल? जे नवं बसवलं त्याची नोंद ठेवली, की झालं. आम्ही सध्या ठिगळ लावलंय, आतल्या बाजूला तारीख कोरून. वाळूजच्या एका वर्कशॉपनं पत्रा कापून दिला. रिव्हेट मात्र काकांनी स्वतः मारले, मागे बकिंग बार (रिव्हेट ठोकताना पलीकडून टेकवायचा लोखंडी ठोकळा) धरायला मी. खालच्या बाजूची एक ओळ हात पोचत नसल्यानं राहिली आहे.

कॅनॉपीबद्दल लिहायला जड जातंय. ती ॲक्रिलिकची. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन वर्षानुवर्षं खाऊन तिच्या आत बारीक तडांचं जाळं झालंय. वरचे ओरखडे बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरनं, पाणी मारत मारत, निघाले. उजव्या बाजूचा वीतभर भाग आरपार स्वच्छ दिसतो. पण आतल्या तडा पॉलिशनं जात नाहीत, आणि घासत राहिलं तर काच पातळ होते. आम्ही थांबलोय. वर पांढरं कापड शिवून घातलंय. तुमच्याकडे ॲक्रिलिक असेल तर थिनरचा बोळा तिच्या जवळपासही नेऊ नका.

कॉकपिट मात्र खरंच छान झालं. पॅनल बाहेर काढून, तारांना चिठ्ठ्या लावून, पुन्हा जागच्या जागी बसवलं. जुन्या डायलवरचा चमकणारा रंग किरणोत्सर्गी रेडियमचा असू शकतो, म्हणून एकाही डायलची काच उघडली नाही. आतला पिवळसर हिरवा प्रायमर क्रोमेटचा, त्याची धूळ विषारी असते. तिथं कोरडं घासणं बंद, मास्क लावून, ओलं करूनच.

चाकांखालची काळी माती हा इथला खास प्रश्न. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि काँक्रीटचा कट्टा एका अंगाला कलतो. टायर केव्हाच बसलेत. आता जॅक लावायच्या मूळ जागांवरच पोलादी घोड्या देऊन वजन पेललंय, खाली लेव्हल करता येतील असे स्क्रू ठेवून.

दुसऱ्या महायुद्धानंतर कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर बॉम्बर विमानं पुन्हा वापरता येऊ नयेत म्हणून मोडतोड करून सोडली होती. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी ती तिथंच जमतील तेवढी नीट केली, त्यांचे वैमानिक जमशेद मुन्शींनी ती एकेक करून बंगळुरूला उडवत नेली, आणि हवाई दलानं ती 1968 पर्यंत वापरली. मुद्दाम मोडलेलं विमान वेळेत हात लागला तर उडतं. आमच्या किरणला कुणी मोडलं नव्हतं, ते नुसतं पाण्यात उभं राहिलं.

रंग या हिवाळ्यातही देणार नाही. आधी एक अख्खा पावसाळा निचरा नीट होतो का ते बघायचं. अपवाद फक्त हवाई दलाच्या गोल खुणेचा: कुणीतरी हिरवा बाहेर आणि केशरी मध्ये रंगवून ठेवलाय, तो उलटा करून केशरी बाहेर, पांढरा, मध्ये हिरवा असा घेतोय. शेपटावरच्या पट्ट्यांची मापं पाहिजेत. कुणाकडे मार्क वनचे जुने, बाजूनं काढलेले फोटो असतील तर कळवा, आणि पंखाखाली आत हात घालून रिव्हेट मारू शकेल असा बारीक हाताचा कुणी संभाजीनगर-जालना भागात असेल तर रविवारी या.