खाणीतले जिवाणू प्लेटवर आणताना

प्रकल्पासाठी खाणीच्या आम्लपाण्यातून ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा लोहावर जगणारा जिवाणू वेगळा काढायचा होता. फ्लास्कमध्ये त्याने फारसा त्रास दिला नाही. १९५९ साली सिल्व्हरमन आणि लुंडग्रेन यांनी दिलेलं ९के माध्यम (जिवाणू वाढवायचं द्रावण) आजही वापरतात: लिटरमागे ४४ ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), थोडे क्षार आणि पीएच २ च्या आसपास येईल इतकं सल्फ्युरिक आम्ल. साखर नाही, पेप्टोन (प्रथिनांचं तयार खाद्य) नाही. हा गडी ऊर्जा लोहातून घेतो आणि कार्बन हवेतून. हिराकसाचं द्रावण मात्र ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) न करता बारीक गाळणीतून गाळून वेगळं मिसळावं. तापवलं की लोह आपणहूनच ऑक्सिडाइज होऊ लागतं.

शेकरवर ३० अंशांना ठेवल्यावर फिकट हिरवं माध्यम आधी पिवळसर, मग गडद तांबूस झालं. शेजारचा बिनजिवाणूंचा फ्लास्क हिरवाच. पीएच सुरुवातीला किंचित चढला, कारण फेरस लोहाचं ऑक्सिडाइज होऊन फेरिक होताना हायड्रोजन आयन खर्च होतात. पुढे फेरिकचा साका बसू लागला तसा तो उतरला. जॅरोसाइट या फेरिक खनिजाचा पिवळा थर काचेला असा चिकटतो की घासून हात दुखतात. त्या गाळामुळे गढूळपणावरून वाढ मोजण्यात अर्थ नाही. मी उरलेलं फेरस टायट्रेट करून, म्हणजे थेंबाथेंबाने रसायन घालून, मोजत होते.

खरा घाम काढला तो प्लेटांनी. अगार म्हणजे प्लेटवरचं माध्यम जेलीसारखं घट्ट करणारा समुद्रशेवाळातला पदार्थ; आम्लात उकळला तर तो नीट गोठतच नाही. वेगळा निर्जंतुक करून मिसळला तर गोठतो, पण आम्लामुळे त्यातून सुटणाऱ्या साखरा या जिवाणूला विषासारख्या बाधतात. आपल्याला हे उलटंच वाटतं! यावरची युक्ती मला फार आवडली: दोन थरांची प्लेट. खालच्या थरात ॲसिडिफिलियम हा दुसरा आम्लप्रेमी जिवाणू मिसळायचा, तो त्या साखरा खाऊन टाकतो. वर बिनजिवाणूंचा थर, ॲगारोजचा (अगारचं शुद्ध रूप). त्यावर गंजाच्या रंगाच्या बारीक वसाहती उठल्या तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

सूक्ष्मदर्शकाखाली आखूड दांड्यांसोबत काही वाकड्या पेशीही दिसत होत्या, म्हणजे लेप्टोस्पिरिलम या दुसऱ्या जिवाणूची शंका. तो फक्त लोहावर जगतो, आपला जिवाणू गंधकावरही. म्हणून प्रत्येक वसाहत गंधकाच्या माध्यमात टाकून पाहिली. ज्यांत पीएच घसरला, तेवढ्याच पुढे नेल्या.