लस हडपसरची, घोडं अडलं जन्मतारखेवर

माझं दुकान हडपसरला. पाटीवर ‘पासपोर्ट, व्हिसा, तिकिटं, झेरॉक्स’. कोविडची कोविशील्ड लस बनवणाऱ्या सिरमचा कारखाना इथून रिक्षाच्या टप्प्यात. त्यामुळे २०२१च्या सप्टेंबरात ब्रिटननं कोविशील्डचे दोन्ही डोस घेतलेल्या भारतीयाला ‘लस न घेतलेला’ धरायचं ठरवलं, तेव्हा आमच्या गल्लीला ते जरा जास्तच झोंबलं.

कारण त्याच वर्षी सिरमचे ५० लाख डोस ब्रिटनलाच गेले होते आणि तिथल्या लोकांना टोचूनही झाले होते. वर जुलैत त्या बॅचवाल्या काही ब्रिटिश प्रवाशांना माल्टाच्या विमानात चढू दिलं नाही. युरोपच्या यादीत मूळ कंपनी ॲस्ट्राझेनेकाची ‘व्हॅक्सझेव्हरिया’ होती, ‘कोविशील्ड’ नव्हती. लस तीच, फक्त कारखाना आणि लेबल वेगळं.

२२ सप्टेंबरला ब्रिटननं कोविशील्ड यादीत घातली. तरी आपली माणसं क्वारंटाइनमध्येच! म्हणे लसीबद्दल तक्रार नाही, अडचण सर्टिफिकेटची आहे. यात राजकारण होतंच. पण मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. कोविनच्या, म्हणजे सरकारी लसनोंदणी पोर्टलच्या, सर्टिफिकेटवर वय छापलेलं असायचं आणि पासपोर्टवर असते जन्मतारीख. विमानतळावरच्या माणसानं ताळा कशाशी घालायचा?

त्यात नावांची गंमत. एक काकू लेकीच्या बाळंतपणासाठी लेस्टरला निघालेल्या. लस घेताना दाखवलेलं आधार सासरच्या नावाचं, मध्ये काकांचं नाव. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा. ‘अहो, बाई तीच आहे ना?’ असं त्या मलाच दरडावून विचारत होत्या. कोविनवर ‘रेज ॲन इश्यू’मध्ये जाऊन पासपोर्ट नंबर जोडता यायचा, नावही दुरुस्त करता यायचं, पण एकदाच. म्हणून सबमिट दाबायच्या आधी मी गिऱ्हाइकाला पासपोर्टवरचं नाव एकेक अक्षर मोठ्यानं वाचायला लावायचो. आणि ओटीपी? तो पुतण्याच्या मोबाइलवर, कारण नोंदणी त्यानं केलेली. पुतण्या सेकंड शिफ्टला, मोबाइल कंपनीच्या लॉकरात. काकूंनी दुकानातच डबा उघडला.

सप्टेंबर सरता सरता कोविनवर परदेशी जाणाऱ्यांसाठी पूर्ण जन्मतारीख आली. तरी ४ ऑक्टोबरपासून ब्रिटनचा १० दिवसांच्या क्वारंटाइनचा नियम लागलाच. आपल्या सरकारनंही त्याच तारखेपासून ब्रिटिशांना १० दिवस लावले. मग चक्रं भराभर फिरली आणि ११ ऑक्टोबरपासून आपल्या लोकांची सुटका झाली. काकूंचं तिकीट त्यानंतरचं होतं, नशीब त्यांचं.

लोकांचा सगळा जीव त्या क्यूआर कोडावर. लॅमिनेट करून घ्यायचे, मग त्यावर ट्यूबलाइट चमकली की स्कॅन होत नाही म्हणून पुन्हा माझ्याकडे. मुळात त्या कोडात असतो मजकूर आणि त्याखाली सरकारची डिजिटल सही. ती सही खरी की खोटी हे तपासायला समोरच्याकडे त्या सरकारची ‘पब्लिक की’, म्हणजे सही पडताळायची डिजिटल किल्ली लागते. युरोपीय संघानं १ जुलै २०२१पासून नेमकं हेच जमवलं होतं. सगळ्या सदस्य देशांच्या ‘पब्लिक की’ एका व्यवस्थेत आणल्या, त्यामुळे पोर्तुगालचं सर्टिफिकेट फिनलंडमध्ये तपासता यायचं आणि त्यासाठी प्रवाशाची आरोग्याची माहिती कुठे पाठवावी लागायची नाही. कोविनच्या कोडातही सही होती. पण समोरच्याच्या यादीत आपली ‘पब्लिक की’ नसेल, तर तो कोड म्हणजे नुसती रांगोळी. मग काउंटरवरचा माणूस छापलेलं वाचणार आणि तिथंच जन्मतारीख आडवी येणार. एकमेकांच्या सह्या मानायचं आधी ठरलं असतं, तर काकूंना डबा घरीच खाता आला असता. जून २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं युरोपची ती व्यवस्था जगासाठी उचलली. तोवर माझ्याकडचे लॅमिनेशनचे पाउचही संपले होते.

हल्ली केनियाच्या सफारीवाले येतात. त्यांना लागतं यलो फीव्हरचं पिवळं कार्ड. कागदी, हातानं भरलेलं, शिक्का मारलेलं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यायची, ती जन्मभर चालते. कार्डाशिवाय परत आलात तर आपलंच सरकार सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतं. परवा एका पोरानं विचारलं, ‘दादा, याची पीडीएफ नाही मिळत?’ म्हटलं, नाही. मूळ कार्ड पासपोर्टात ठेव आणि नाव पासपोर्टप्रमाणे लिहिलंय का, ते लसकेंद्रातून निघायच्या आधी बघ.