येऊ घातलेले यान

आमच्या घरी एक रिकामी जागा आहे. पुस्तकांच्या कपाटातल्या तिसऱ्या फळीवर, उजव्या कोपऱ्यात, तीस सेंटिमीटर लांब आणि चौदा सेंटिमीटर रुंद. तिथे कुणीही काहीही ठेवायचे नाही असा दंडक आहे, कारण ती जागा एका अंतराळयानासाठी राखून ठेवलेली आहे. ते यान कधीच अस्तित्वात नव्हते. ते एका विज्ञानकथेच्या मालिकेतले आहे. त्याची जी ओतीव धातूची प्रतिकृती माझ्या कपाटात येऊन विसावणार आहे, तीही अद्याप अस्तित्वात आलेली नाही. थोडक्यात, एका नसलेल्या वस्तूच्या नसलेल्या प्रतिकृतीसाठी मी ही जागा अडवून ठेवली आहे, आणि तिचे पैसे मात्र दोन वर्षांपूर्वीच पूर्ण चुकते केले आहेत.

यानाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितले की जाणकार वाचक लेख बाजूला ठेवून त्याच्या प्रमाणाविषयी आणि रंगछटेविषयी वाद घालायला बसतील. त्यांना दोष देता येणार नाही, मीही तेच केले असते.

या व्यवहारात आपण गिऱ्हाईक नसतो, हे आधी समजून घ्यावे लागते. गिऱ्हाईक पैसे देतो आणि वस्तू उचलतो. इथे निर्माता आधी एक चित्र दाखवतो, ठरावीक रकमेचे लक्ष्य आणि ठरावीक मुदत जाहीर करतो, आणि मुदतीच्या आत तेवढी रक्कम उभी राहिली तरच कामाला हात लावतो. ती उभी राहिली नाही तर कुणाचाच पैसा घेतला जात नाही. २००९ साली सुरू झालेल्या किकस्टार्टर या वर्गणी गोळा करणाऱ्या संकेतस्थळाने याच अटीवर आपला जम बसवला, आणि पुढे मोठमोठ्या खेळणी कंपन्यांनीही ही वाट धरली. आपण भागीदारही नसतो, कारण नफ्यात वाटा नाही. आणि दाते म्हणावे तर इतका स्वार्थी दाता कुठे पाहिलेला नाही. लोकवर्गणी हा जुना शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण वर्गणीदाराला स्वतःच्या घरी नेण्यासाठी मूर्ती मिळत नाही, आम्हाला मिळणार असते. मुदतीचे शेवटचे दोन दिवस मी दर तासाला आकडा पाहत होतो. लक्ष्य गाठले गेले तेव्हा मला जो आनंद झाला, तो काही मिळाल्याचा नव्हता. आपल्यासारखे वेडे आणखी काही हजार आहेत, हे सिद्ध झाल्याचा होता.

ही सगळी उठाठेव का करावी लागते, याचे उत्तर साच्यात आहे. डाय-कास्ट पद्धतीत वितळलेला धातू मोठ्या दाबाने पोलादी साच्यात घुसवला जातो, क्षणात गोठतो, साचा उघडतो, आणि आतल्या खिळ्या तो भाग बाहेर ढकलतात. हा साचा कोरणे हेच खरे खर्चाचे काम, आणि एका यानाला असे अनेक साचे लागतात. गंमत अशी की जस्ताच्या ओतकामासाठी केलेला चांगला साचा काही लाख नग सहज काढू शकतो, आणि आम्हाला हवे असतात काही हजार. लाखांसाठी घडवलेल्या हत्याराचा खर्च काही हजारांवर वाटायचा, म्हणून कुणी कारखानदार आपल्या खिशातून हा धोका पत्करत नाही. आपल्या लहानपणी अशा वस्तू दुकानात मिळत, कारण तेव्हा त्या विकत घेणारी मुले लाखांत होती. आता ती मुले मोठी झाली आहेत, बहुतेकांनी हे वेड सोडून दिले आहे, आणि उरलेल्यांना एकमेकांना शोधून काढावे लागते.

‘मग प्लॅस्टिकचे का नको?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर बारकावे प्लॅस्टिकमध्येच अधिक सुबक येतात. धातूच्या भागाच्या भिंतींना साच्यातून सुटण्यासाठी किंचित उतार द्यावा लागतो, धारदार कडा थोड्या बोथट होतात, बारीक काड्यांची जाळी तर धातूत ओतणे जिकिरीचे. तरीही धातूच हवा. या कामासाठी जो मिश्रधातू सर्रास वापरतात त्याचे नाव झमॅक. जस्त, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे यांच्या जर्मन नावांची आद्याक्षरे जोडून ते तयार झाले आहे. न्यू जर्सी झिंक या कंपनीने १९२९ साली तो विकसित केला. चारशे अंश सेल्सिअसच्या अलीकडेच तो वितळतो, आणि त्याच आकाराच्या प्लॅस्टिकपेक्षा साधारण सहापट जड असतो.

हा सहापटीचा आकडा माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा आहे. पडद्यावरच्या त्या यानाला वजन नव्हतेच. ते लाकूड, प्लॅस्टिक आणि बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या वा विमानांच्या मॉडेल-संचांतले सुटे भाग चिकटवून बनवलेले एक मॉडेल होते, आणि बारीक तारांना लटकून ते ग्रहांवर उतरत असे. ते शेकडो टनांचे वाटावे म्हणून चित्रीकरण करणारे कॅमेरा नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने चालवत आणि ती फिल्म नेहमीच्या वेगाने दाखवत. त्यामुळे हालचाल संथ होई, उडालेली धूळ सावकाश खाली बसे, आणि डोळा फसे. म्हणजे आमच्या पिढीने ज्या अवाढव्य वजनावर विश्वास ठेवला, ते वजन म्हणजे केवळ कॅमेऱ्याचा वेग होता. तेच यान जेव्हा ओतीव जस्तात येईल आणि उचलताना मनगट किंचित खाली जाईल, तेव्हा त्याला पहिल्यांदाच खरेखुरे वजन मिळालेले असेल. हे वजन फार तर किलोभराचे असणार, हे मला माहीत आहे.

प्रतिकृती हुबेहूब असावी, हा आम्हा संग्राहकांचा दुसरा हट्ट, आणि तो पहिल्याहून अधिक हास्यास्पद आहे. जे नव्हतेच त्याच्याशी हुबेहूब म्हणजे कशाशी? पडद्यावर एकाच यानाची दोन-तीन आकारांची मॉडेल्स वापरलेली असतात, आणि त्यांचे तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या मालिकेतले एंटरप्राइझ घ्या. त्याचे सुमारे अकरा फुटांचे मूळ मॉडेल १९७४ पासून स्मिथसोनियनच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयाकडे आहे. त्याची उजवी बाजू पूर्ण सजवलेली आहे, कारण चित्रीकरण त्याच बाजूने होई. डाव्या बाजूने मात्र आतल्या दिव्यांच्या तारा बाहेर काढलेल्या होत्या आणि ती बाजू अपुरीच होती. प्रतिकृती करणाऱ्याला मात्र दोन्ही बाजू द्याव्या लागतात. म्हणजे अर्धे यान तो पाहून घडवतो आणि अर्धे आपल्या श्रद्धेने पूर्ण करतो, आणि आम्ही त्या श्रद्धेच्या भागातलेही अर्ध्या मिलिमीटरचे दोष काढतो.

पूर्वीचे खेळणीवाले असल्या शंकांना भीक घालत नसत. ‘स्पेस: १९९९’ ही मालिका १९७५ साली आली, त्याच वर्षी लिव्हरपूलच्या डिंकीने तिच्यातले ईगल यान धातूत आणले. मालिकेत ते पांढरेशुभ्र, डिंकीने त्याला हिरवा रंग दिला. त्याआधी थंडरबर्ड-२ हे मूळचे हिरवे यान त्यांनी १९६७ साली हिरवेच काढले होते, पण १९७४ पासून ते निळे झाले. कुणाही मुलाची त्याबद्दल तक्रार ऐकिवात नाही. डिंकीचा कारखाना १९७९ साली बंद पडला, आणि ती चुकीच्या रंगांची याने आज संग्राहक त्या चुकीसकट जपतात. आमच्या गटातला एक सभासद मात्र गेले आठ महिने निर्मात्याला सांगतो आहे की, नमुन्याचा करडा रंग थोडा अधिक उबदार हवा. तो बरोबर आहे, असे मलाही वाटते.

आता वाट पाहण्याविषयी. निर्माता दर महिन्याला एक निवेदन पाठवतो, आणि ही निवेदने वाचण्याची एक कला असते. ‘साच्याचे काम अंतिम टप्प्यात आहे’ याचा अर्थ ते अंतिम टप्प्यात नाही. ‘गुणवत्तेशी तडजोड करणार नाही’ हे वाक्य आले की तारीख पुढे जाणार, हे आता आम्हाला पाठ आहे. फोटो नसलेले निवेदन अशुभ. पहिल्या निवेदनात आम्हाला त्रिमितीय छपाईतून काढलेला नमुना दिसला, मग साच्याचा आराखडा दिसला, मग रंगाचे तुकडे, मग सिलिकॉनच्या मऊ गादीने उमटवलेली इवलीशी सूचना-अक्षरे. त्यानंतर चिनी नववर्ष आले आणि कारखाना काही आठवडे बंद झाला. हे नववर्ष दर वर्षी येते, याचा निर्मात्याला दर वर्षी नव्याने साक्षात्कार होतो.

गटातले काही जण चिडतात, एक-दोघांनी पैसे परत मागितले. माझा राग मात्र फार टिकत नाही, कारण या छंदाला वाट पाहण्याची मोठी परंपरा आहे. ‘स्टार वॉर्स’ १९७७ च्या मे महिन्यात प्रदर्शित झाला, आणि तो इतका चालेल याची केनर या खेळणी कंपनीला कल्पना नव्हती. नाताळपर्यंत त्यातल्या पात्रांच्या बाहुल्या तयार होणे शक्यच नव्हते. तेव्हा कंपनीने पुठ्ठ्याचे एक पाकीट विकायला काढले. त्यात होते पात्रांची चित्रे असलेला पुठ्ठ्याचा मंच, काही स्टिकर आणि एक प्रमाणपत्र. ते प्रमाणपत्र पोस्टाने पाठवले की पुढच्या वर्षी, फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान, चार बाहुल्या घरी येणार होत्या. लोकांनी ते रिकामे पाकीट पैसे देऊन घेतले आणि नाताळच्या सकाळी मुलांच्या हातात ठेवले. मुले काय म्हणाली असतील, याचा मी पुष्कळदा विचार करतो. ती रिकामी पाकिटे आज जपून ठेवण्याजोगी दुर्मीळ वस्तू मानली जातात, हे वेगळेच.

उलटा प्रकारही घडलेला आहे. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा तांब्याचा पुतळा १८८५ च्या जूनमध्ये दोनशेहून अधिक खोक्यांतून अमेरिकेत येऊन पोहोचला, तेव्हा त्याचा चौथराच पुरा झालेला नव्हता. जोसेफ पुलित्झरने आपल्या वृत्तपत्रातून वर्गणीचे आवाहन केले, लाखाहून अधिक लोकांनी किरकोळ रकमा धाडल्या, प्रत्येकाचे नाव छापून आले. तिथे चौथरा होईपर्यंत पुतळा खोक्यांत पडून राहिला. माझ्याकडे चौथरा तयार आहे.

रात्री कधीतरी एक निराळीच भीती मनात येते. झमॅकमध्ये शिशासारख्या अशुद्धीचा अगदी अंश जरी राहिला, तरी कालांतराने दमट हवेत धातूच्या कणाकणांमधून क्षय पसरतो. वस्तू फुगते, तडकते, आणि एके दिवशी बोट लावताच तिचा भुगा होतो. युद्धपूर्व काळातली कित्येक ओतीव खेळणी अशीच गेली. आधुनिक कारखाने अतिशुद्ध जस्त वापरतात, त्यामुळे ही भीती आता बहुतांशी निराधार आहे. तरीही मी निर्मात्याला पत्र लिहून जस्ताच्या शुद्धतेची चौकशी केलीच. उत्तर सभ्य होते, आणि त्यातून लिहिणाऱ्याचा थकवा लपत नव्हता.

धाकटी बहीण फोन करते तेव्हा शेवटी एकदा विचारतेच, “दादा, तुझं विमान आलं का रे?”

“विमान नाही, यान.”

“बरं, यान. आलं का?”

“साचा तयार झालाय.”

“हे तू मागच्या दिवाळीतही म्हणाला होतास.”

खरे आहे. पण तेव्हा तो साचा कागदावर होता आणि आता पोलादात आहे, हा फरक तिला फोनवर समजावून सांगता येत नाही. मी तिला आणखी एक गोष्ट सांगितलेली नाही. फळीवरची ती जागा पूर्णपणे रिकामी नाही. निर्मात्याच्या आराखड्यातली मापे घेऊन मी यानाच्या बाह्यरेषेचा एक पुठ्ठा कापला आहे आणि तो तिथे उभा करून ठेवला आहे. प्रकाश कुठून पडेल, मागचे भाग दिसतील का, हे आधी कळावे म्हणून. दर रविवारी मी त्यावरची धूळ झटकतो.

परवा नवे निवेदन आले, फोटोंसकट. साच्यातून पहिले नग निघाले आहेत. इंजिनाच्या एका कड्यात धातू शेवटपर्यंत पोहोचलेला नाही, तेवढी दुरुस्ती करावी लागणार असल्याने आणखी चार महिने लागतील. अगदी शेवटी, जवळजवळ तळटीपेसारखे, एक वाक्य होते: मजबुतीसाठी मागची बाजू वाढवली असून एकूण लांबी आता बत्तीस सेंटिमीटर होईल. मी निवेदन दोनदा वाचले, कपाटाजवळ गेलो, फूटपट्टी लावली. नवा पुठ्ठा रात्रीच कापून झाला. शेजारचा शब्दकोश मात्र आता आडवा ठेवावा लागला आहे.