पणजोबा सत्याग्रहात होते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गाव मुळशीतलं, धरणात गेलं, एवढं कळलं की पुण्यात समोरचा माणूस हमखास म्हणतो, 'म्हणजे तुमचे पणजोबा सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहात असणार!' बरीच वर्षं मीही 'होते की' म्हणून मोकळा व्हायचो. चारचौघांत भाव मिळायचा, खोटं कशाला बोलू? खरं उत्तर जरा लांबलचक आहे.

होते. आणि मग उठून घरी आले.

16 एप्रिल 1921, रामनवमी. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमापाशी मुंबईच्या विजेसाठी धरणाचं काम चालू होतं. 'जान किंवा जमीन' म्हणत मावळे त्या कामावर जाऊन बसले. आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे. नाचणीची भाकरी फडक्यात बांधून बापाला पोचवायचं काम त्यांच्याकडे. भाषणं त्यांना कधीच आठवायची नाहीत, पोलिसांच्या पायांवर गुंडाळलेल्या पट्ट्या मात्र शेवटपर्यंत आठवायच्या.

भातशेती न केलेल्याला कळायचं नाही, पण रामनवमी म्हणजे ऐन राब, म्हणजे भाताचं रोप टाकायची जागा, भाजायचे दिवस. शेण, वाळकं गवत, झाडांची टहाळं, पालापाचोळा, वर माती, असे थर लावायचे आणि वाऱ्याच्या उलट अंगानं पेटवायचं, म्हणजे भडकत नाही, धुमसत खालची माती भाजून निघते. हे पावसाच्या आत झालं तर मृगात पेर, मग आवणी, म्हणजे रोपांची खाचरात लावणी. राब राहिला तर रोप नाही, रोप नाही तर खाचर मोकळं आणि वर्ष उपाशी. धरणाच्या जागी नवरा बसलेला असताना आमच्या पणजीनं त्या साली जावेला घेऊन राब भाजला. तिला कोणी सत्याग्रही म्हणत नाही.

आता उठण्याचं. खाचरं कागदावर पणजोबांची नव्हतीच. त्यांच्या आज्यानं कधीतरी कर्ज काढलं, जमीन पुण्याच्या एका सावकाराकडे गेली आणि तेव्हापासून आमची माणसं आपल्याच खाचरात कुळं म्हणून अर्धेलीनं, म्हणजे निम्मं पीक मालकाला देऊन, राबायची. मावळात अशी घरं पुष्कळ होती. धरण झालं तर भरपाई मिळणार सावकाराला, तेव्हा पुण्यातल्या बऱ्याच सावकारांचा डोळा जमिनीपेक्षा पैशावर होता. दुसऱ्या साली आमच्या सावकाराचा दिवाणजी घरी आला. ओसरीवर पाणी प्याला, म्हशीची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाला, कोण कुठं बसतंय हे मालकांच्या कानावर आहे, बसणाऱ्यांची बाकी आधी वसूल होईल. पणजोबा पुढच्या आठवड्यात गेले नाहीत. आजोबांना मी एकदा, कॉलेजात असताना, जरा तोऱ्यातच विचारलं होतं की ते भ्याले का. म्हणाले, "बानं हिशेब घातला. तू घातला नसतास?"

पुढचं पुस्तकांत आहे. 1924 पर्यंत चळवळ विझली, बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली, 1927 साली घाटाखाली भिऱ्याच्या केंद्रात वीजनिर्मिती सुरू झाली. मुळशीचं ते पाणी डोंगरातून पश्चिमेला कोकणात उतरतं. औंधला माझ्या गॅलरीतून मुळा दिसते तेव्हा हिच्यातलं बरंचसं पाणी इकडे फिरकतच नाही, हे मनात येतंच.

पणजोबांच्या हाती घराच्या लाकडांचे थोडे पैसे आले. बैलगाडीनं पौड, पिरंगुट, भूगाव करत ते पुण्यात आले आणि भवानी पेठेत भुसार बाजारात हमाल झाले. आयुष्यभर भात पिकवला आणि मग दुसऱ्यांच्या तांदळाची पोती पाठीवर वाहिली. पोतं खांद्यावर आलं की आत आंबेमोहोर आहे का दुसरा काही, हे ते वासावरून सांगायचे म्हणे. मला ही जरा फुगवलेली गोष्ट वाटते, पण आजोबा शपथ घ्यायचे.

पणजीनं येताना बियाण्याचा आंबेमोहोर गाडग्यात घालून, तोंड शेणमातीनं लिंपून आणला होता. कुठं खाचर मिळालं तर असावा. ते गाडगं दोन वर्षं चाळीतल्या खोलीच्या कोपऱ्यात होतं. तिसऱ्या श्रावणात घरात दोन पोरं तापानं पडलेली आणि हमाली आठवडाभर बंद. तिनं लिंपण फोडलं, शेजारणीच्या उखळात भात कांडला आणि शिजवला. वास चाळभर गेला. दोघीतिघी डोकावून गेल्या, "कोण पाव्हणं आलंय?"

संध्याकाळी पणजोबा आले, हातपाय धुऊन पाटावर बसले. ताटातल्या भाताकडे बघून त्यांनी पणजीला विचारलं, "भाकरी हाय का गं?"